विरुद्ध पक्षाची भाकरी

वकिलाचं पोट भांडणावर चालतं, हे सांगायला कुणा शहाण्याची गरज नाही. पण आमच्या साहेबांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. भांडणं मिटवायला जन्माला आलेला माणूस वकिलीत शिरला, आणि त्याच्या हाताखाली उमेदवारी करायला नेमका मी गेलो. नशीब म्हणायचं, दुसरं काय! लग्न झालेलं, सनद नवी कोरी, सासरे दर पत्रात "प्रॅक्टिस कशी काय?" म्हणून विचारायचे आणि मी उत्तरात सोलापूरच्या उन्हाचं वर्णन करायचो.

ऑफिस बाळीवेशीत, एका सुताच्या दुकानाच्या माडीवर. कपाटात कायद्याची पुस्तकं आणि त्यांच्या बरोब्बर मध्ये, लाल फडक्यात बांधलेलं, अठरा पर्वांचं भारत. ते घरी का नाही, तर काकू, म्हणजे साहेबांच्या पत्नी, ते उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत. भारत घरात वाचलं की घरात भारत घडतं, असं त्यांच्या माहेरी सगळे मानत. साहेबांनी वाद घातला नाही. "ऑफिसात ठेवतो. तिथं भांडणं लागली तर आपलं बरंच आहे," म्हणाले. तिथंही लागली नाहीत.

फायलींवर नंबर घालायचे सोडून साहेब पर्वं घालत. नवा दावा आला की उद्योगपर्व. तारखांवर तारखा पडायला लागल्या की वनपर्व. अपिलात मुंबईला गेला की स्वर्गारोहण. एकदा कारकुनाच्या हातून वनपर्वातली फाईल स्वर्गारोहणात गेली, ती शोधून खाली आणायला आम्हाला तीन महिने लागले. तोवर त्या अशिलानं वकील बदलला होता.

कोर्टातही तेच. आधार विचारला की शांतिपर्व. एकदा जज्जसाहेब वैतागून म्हणाले, "वकीलसाहेब, हा निवाडा कुठल्या हायकोर्टाचा?" आमचे साहेब हात जोडून म्हणाले, "त्याच्याही वरचा आहे, साहेब. शरपंजरावरून दिलेला. अजून कुणी फिरवलेला नाही." दावा आम्ही हरलो, हे वेगळं सांगायला नको.

बाररूममध्ये त्यांना धर्मराज म्हणत. मला सहदेव. सहदेवाला म्हणे सगळं ठाऊक असायचं, पण विचारल्याशिवाय तो बोलत नसे. मला ठाऊकही काही नव्हतं. चार वर्षांत मी कोर्टात उभा राहून एकच वाक्य बोललो होतो, "पुढची तारीख मिळावी." तेही दोनदा अडखळून.

अशील आला की साहेब त्याचं सगळं ऐकून घेत, आणि मग चष्मा कपाळावर चढवून म्हणत, "छान. आता तुमचा शत्रू काय म्हणतो ते सांगा. तुमच्या तोंडून नको, त्याच्या तोंडून." निम्मे अशील इथंच उठायचे. "मग त्याचंच वकीलपत्र घ्या की!" असं म्हणून जिना उतरायचे. साहेबांना त्याचं वाईट वाटत नसे. "ज्याला दुसरी बाजू दिसत नाही, त्याचं राज्य बुडतं. धृतराष्ट्राला तर ती रोज ऐकवत होते, तरी बुडाला," असं ते मला समजावत. राज्य कुणाचं का बुडेना, आमचा अशील बुडतोय, हे मी मनात म्हणायचो.

यातूनही कुणी टिकला तर दुसरी परीक्षा माझी. दावा लावायच्या आधी साहेब स्वतः विरुद्ध पक्षाच्या घरी शिष्टाईला जात. एकदाच. युद्धाआधी कृष्ण गेला होता तसं. आणि कृष्णानं कौरवांकडचं जेवण नाकारलं होतं, म्हणून हेही तिथं पाण्याचा थेंब घेत नसत. पुष्कळांना वाटे, साहेब सोवळ्यातले. मुळीच नाही! एरवी ते कुणाच्याही घरी पाटावर बसून दोनदा वाढून घेत. पण विरुद्ध पक्षाचं मीठ पोटात गेलं की त्याच्यावर हात उगारता येत नाही, असा त्यांचा पक्का हिशेब. म्हणून शिष्टाईला निघालो की काकू डब्यात कडक भाकरी आणि शेंगांची चटणी बांधून देत, आणि तो डबा सांभाळणं हे माझं वकिलीतलं मुख्य काम होतं.

वाईट हे की शिष्टाई बऱ्याचदा यशस्वी व्हायची. भिंतीवरून भांडणारे दोघे विणकर शेजारी एकदा हातात हात घालून ऑफिसात आले, तेलुगूत साहेबांचं कौतुक करत. साहेबांना कृतकृत्य वाटलं. मी त्या दिवशी सासऱ्यांना पत्र लिहायचं टाळलं.

अशात कोंडाबाई आली. वैरागच्या रस्त्यावर एका खेड्यातली, चाळिशीची, काटक बाई. नवरा दोन वर्षांमागं वारलेला. नवरा आणि दीर यांची वाटणी कधीच झालेली होती, रानं वेगळी, पण विहीर एक. आठ दिवस त्यांची मोट, आठ दिवस हिची. होळी झाली आणि दिरानं हिची मोट विहिरीवरून उतरवून बांधावर टाकली. "वाटनी माज्या भावासंगं झालती, बाईसंगं न्हाय," म्हणाला.

तिच्या रानात नवऱ्यानं लावलेली चाळीस लिंबाची झाडं होती. फळाला आलेली. तिचा सगळा वर्षाचा प्रपंच त्या झाडांवर.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "आता तुमचे दीर काय म्हणतात ते सांगा."

बाई जराही बिचकली नाही. पदर सावरून दिरासारखी मांडी ठोकून बसली. "हीर माज्या बानं खांदली. सुरुंगात त्येचा येक डोळा गेला. मी त्येच्यासंगं धोंडं उचाललं. थोरला तवा गिरनीत हुता, सोलापुरात, पगार खात. पानी लागलं तवा आला, आन निम्मं घेतलं. आता त्योबी गेला. मग परक्या घरच्या बाईला मी पानी कशापायी देऊ?"

साहेब थक्क. "अहो बाई, तुमच्या दिराची बाजू फार बळकट आहे!"

"हाय की," कोंडाबाई म्हणाली. "पन झाडं माजी वाळायल्यात."

साहेब इतके खूश झाले की चहा मागवला. अशी अशील आपल्याला उभ्या हयातीत मिळाली नाही म्हणाले. वकीलपत्रावर आम्हा दोघांची नावं पडली आणि चौथ्या दिवशी आम्ही सर्व्हिस मोटारीनं शिष्टाईला निघालो.

दीर, दगडू त्याचं नाव, ओट्यावर घोंगडं अंथरून वाट बघत होता. माणूस वाईट नव्हता हो. पाणी पुढं केलं, गूळ पुढं केला. साहेबांनी दोन्हीला हात जोडले. मग शिष्टाई सुरू झाली. आठ दिवस द्या. नाही? पाच द्या. नाही? बरं, मोट राहू दे, घागरीनं न्यायची मुभा द्या, झाडामागं दोन घागरी.

"येक थेंब न्हाय मिळायचा," दगडू म्हणाला.

साहेबांचा चेहरा असा उजळला की दगडू घाबरून माझ्याकडे बघायला लागला. बाहेर पडताच साहेबांनी माझा दंड धरला. "ऐकलंस? सुईच्या टोकावरच्या मातीची गोष्ट! अगदी तस्संच बोलला! आता युद्ध करायला आपण मोकळे."

युद्धाला मोकळे होतो खरे, पण पोटानंही मोकळेच होतो. डबा मोटारीत राहिला होता. हो, माझ्याच हातून. आता कबूल करायला हरकत नाही. आमच्या भाकरी एव्हाना वैरागला पोचल्या होत्या, आणि परतीची मोटार तीन वाजता. चैत्रातलं ऊन, डोक्यावर झाड नाही, आणि साहेब एकादशी सोडून कधी उपाशी राहिलेले नाहीत. मैलभर चाललो तोवर ते भारताबद्दल बोलायचे थांबले. त्यावरून मी काय ते ओळखलं.

तेवढ्यात रस्त्याकडेला एक खोप दिसली. बाभळीखाली एक बाई भाकरी थापत होती. आम्हाला बघून उठली. "ह्या उनात कुटं चाललाव? बसा की. जेवल्याबिगार जाऊ नगासा."

साहेब सावध माणूस. इतक्या भुकेतही विचारलं, "बाई, हे रान कुणाचं?"

"कुनाचं म्हंजी? आमचंच की," बाई म्हणाली आणि परात पुढं ओढली.

रान तिचं, बाई प्रेमळ, झालं! साहेब बसले. गरम भाकरी, शेंगांची चटणी, हातानं फोडलेला कांदा, ताक. साहेबांनी तीन खाल्ल्या, मी दोन. जेवताना ते तिला विदुराच्या बायकोची गोष्ट सांगत होते, कृष्ण तिच्याकडे कसा जेवला ती. बाई पदरानं वारा घालत ऐकत होती. उठताना साहेबांनी भरभरून आशीर्वाद दिला.

"मालकास्नी काय सांगू, कोन आलतं म्हनून?" बाईनं विचारलं.

"मालक कोण तुमचे?"

"अवो, मगाशी ज्येंच्या वट्यावर बसलावता, त्येच की! रानाकडं निगताना बगितलं मी, पानीबी घेतलं न्हाय तुमी. न जेवता आलाव म्हनून तर थांबीवलं."

साहेब मटकन खाली बसले. "शल्य!" एवढंच म्हणाले. "अरे, माझा शल्य झाला!"

शल्य म्हणजे नकुल-सहदेवांचा मामा. भाच्यांच्या मदतीला सैन्य घेऊन निघाला, वाटेत जागोजागी मांडव, मेजवान्या. त्याला वाटलं, ही सरबराई भाच्यांचीच. खाऊन पिऊन तृप्त झाला, आणि मग कळलं की यजमान दुर्योधन. खाल्ल्या अन्नाला जागून बिचारा कौरवांकडून लढला. साहेबांनी ही गोष्ट मोटारीत सोलापूर येईपर्यंत मला चारदा सांगितली, आणि दर खेपेला ढेकर आला की डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की हा दावा आपण चालवणार नाही. तो मी चालवायचा.

"मी?" मी ओरडलोच. "साहेब, तीन भाकरी हो! तीन भाकरींसाठी?"

"भीष्मांनी किती खाल्ल्या होत्या, कुणी मोजल्या होत्या का?"

आता यावर काय बोलणार, कपाळ! दावा मी दाखल केला. अर्जात दोन चुका निघाल्या, त्या दुरुस्त करण्यात तीन आठवडे गेले. मग जज्जसाहेब रजेवर. कोंडाबाई दर तारखेला पायी यायची आणि माझ्याकडे न बघता साहेबांना विचारायची, "तुमी कदी हुबं ऱ्हानार?" शेवटी साहेबांनी तिला खोपीतली सगळी हकिकत सांगितली. मीठ, शल्य, भीष्म, सगळं. तिनं शांतपणे ऐकलं.

"म्हंजी जेवला तुमी," ती म्हणाली, "आन वाळायची माजी झाडं?"

साहेबांनी कपाटातल्या लाल फडक्याकडे बघितलं. ती जिना उतरून गेली. मग म्हणाले, "भरसभेत द्रौपदीनंही असंच विचारलं होतं. भीष्म म्हणाले, धर्म फार सूक्ष्म आहे." पुढं म्हणाले, "तिला काही उपयोग झाला नाही त्या उत्तराचा."

मला वाटलं, आता उभे राहतील. छे! माणूस हट्टी. सुनावणीच्या दिवशी कोर्टात जाऊन बघतो तर साहेब समोरच्या बाकावर, दगडूच्या शेजारी बसलेले! मीठ खाल्लं तर बसायचंही त्याच बाजूला, असा न्याय. शल्यानं मात्र कर्णाचा रथ हाकताना त्याला शत्रूचे गुण ऐकवून हैराण केलं होतं, तेही साहेब विसरले नव्हते. "तुमच्या वहिनीचा वाटणीचा कागद भक्कम आहे बरं," असं ते दगडूच्या कानाशी सांगत होते. दगडू घामाघूम.

माझा पुकारा झाला. मी उठलो. "साहेब, ही हीर... विहीर..." एवढं होईतो समोरच्या वकिलांनी आवाज लावला. त्यांचा आवाज गिरणीच्या भोंग्याला भारी. मी कागद उलटे धरले होते, हे मला मागून कुणीतरी सांगितलं. कोंडाबाई दाराशी उभी होती. तिच्याकडे बघायचा मला धीर होईना.

जज्जसाहेबांचं लक्ष बाकाकडे गेलं. "वकीलसाहेब, आपण तिकडे कसे? वकीलपत्रावर तर आपलं नाव वादीकडून आहे."

साहेब उठले. "मी यांची भाकरी खाल्ली आहे, साहेब."

"काय खाल्लंत?"

"भाकरी. तीन. शिष्टाईला गेलो असता चुकून. म्हणून यांच्याविरुद्ध मला बोलता येत नाही."

कोर्टात हशा पिकला. पट्टेवालाही हसला. जज्जसाहेबांनी लेखणी खाली ठेवली आणि माझ्याकडे वळले. "तुम्ही होता यांच्याबरोबर?"

"होय, साहेब."

"तुम्ही जेवलात?"

सहदेवाला अखेर कुणीतरी विचारलं. "दोन भाकरी, साहेब."

"मग तुम्ही कसे उभे?"

लोक बाकं बडवून हसले. कोंडाबाई हसली नाही, आणि साहेबही हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते. माझ्याही पोटात तेच मीठ होतं, हे त्या घटकेपर्यंत त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. खरं सांगतो, माझ्याही नाही आलं. पण आलं तेव्हा अंगाचा तिळपापड झाला. स्वतःच्या डोक्यावरचं पाप उचलून ह्या गृहस्थानं माझ्या डोक्यावर ठेवलं, झाडं त्या बाईची वाळवली, आणि वर धर्म पाळला म्हणून बाकावर बसले! त्यांना हे बोलायची माझी हिंमत नव्हती. पण माझ्या तोंडावर ते लिहिलेलं असणार.

साहेब बाकावरून निघाले. उपरणं खिळ्यात अडकलं, ते तिथंच सोडलं. माझ्या हातातले कागद घेतले, सुलटे केले. "बस तू," म्हणाले. "ते माझ्याकडे दे."

आणि मग ते बोलले. आधी दगडूची बाजू मांडली. बापाचा डोळा, उचललेले धोंडे, सगळं. समोरच्या वकिलांनाही इतकं सुचलं नव्हतं, ते मान डोलवायला लागले. आणि मग साहेबांनी एकेक धोंडा काढून घेतला. वाटणीचा कागद, त्यावर दगडूचा अंगठा, नवरा वारल्यावरही दोन वर्षं बिनतक्रार चाललेली बाईची पाळी. अख्ख्या भाषणात भारतातलं एक नाव नाही. दावा निकालात निघेपर्यंत पाण्याची पाळी पहिल्यासारखी चालावी, असा हुकूम जज्जसाहेबांनी तिथंच दिला.

बाहेर व्हरांड्यात दगडू उभा होता. साहेब आपण होऊन त्याच्यापुढं गेले.

"खाल्ल्या घरचं वासं मोजलं तुमी, वकीलसायब," दगडू म्हणाला.

"हो. मोजले," साहेब म्हणाले. त्यानं अजून काही बोलावं म्हणून थांबले. तो निघून गेला.

मला राहवेना. म्हटलं, साहेब, हाती शस्त्र धरणार नाही म्हणणारा कृष्णही चाक उचलून धावला होताच की! त्यांनी मान हलवली. "त्यानं दुसऱ्याला वाचवायला प्रतिज्ञा मोडली, वेळेवर," ते म्हणाले. "मी सहा आठवड्यांनी उठलो."

चार दिवसांनी आम्ही पुन्हा त्या गावी गेलो, पाळी खरंच सुरू झाली का बघायला. झाली होती. कोंडाबाईची मोट चालू होती, पाटानं पाणी येत होतं. साहेब झाडांमधून फिरले. अकरा झाडं गेली होती. प्रत्येक वाळलेल्या झाडाची फांदी त्यांनी हातानं वाकवून बघितली, कुठं ओल आहे का म्हणून. अकराही कडकन मोडल्या.

कोंडाबाई बांधावर भाकरी सोडत होती. साहेब तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. "बाई, ही अकरा झाडं माझ्यामुळं गेली."

मला वाटलं, ती म्हणेल, असू द्या, देवाची करणी. बायका म्हणतात तसं.

"व्हय, तुमच्यामुळंच गेली," ती म्हणाली. "तुमी लई शानं, म्हनून गेली. एकांदा येडा वकील गावला असता तर वाचली असती." आणि भाकरी पुढं केली. "बसा आता. खावा."

साहेब मातीत बसले. "खरं आहे," म्हणाले, आणि भाकरी मोडली.